पहिलं बाळंतपण माहेरी

वणीहून वरोऱ्याला निघालं की पाटाळ्याला वर्धा नदीचा पूल लागतो. अलीकडे यवतमाळ जिल्हा, पलीकडे चंद्रपूर. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी सुना या पुलावरून आल्या आणि पहिल्या बाळंतपणाला याच पुलावरून माहेरी गेल्या. सातव्या महिन्यात ओटी भरायची, माहेरचं कुणीतरी घ्यायला यायचं, आणि बाळ दीड-दोन महिन्यांचं झालं की टोपडं-झबलं घालून सासरी परतायचं. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली ही मायेची रीत. मी या भागात एचआयव्हीची समुपदेशक म्हणून जवळजवळ वीस वर्षं काम केलं, आणि या रीतीपायी एक साधी गोष्ट मला कितीतरी लेकरांच्या बाबतीत कधीच कळली नाही. कळा सुरू झाल्या तेव्हा लेकराच्या आईला एक गोळी दिली होती का?

गोळीचं नाव नेव्हिरापिन. पांढरी, लांबट, 200 मिलिग्रॅमची. आईनं एकदाच घ्यायची. बाळाला जन्मल्यापासून तीन दिवसांच्या आत तिचंच पातळ औषध, वजनाच्या हिशेबानं, तेही एकदाच. आमच्याकडे जन्मतः एचआयव्ही घेऊन आलेली आणि पुढे औषधाला दाद न देणारी जी मुलं मी पाहिली, त्यांतल्या अनेकांची गोष्ट या गोळीपासून सुरू होते.

त्यांतल्या एकीबद्दल सांगते. तिची ओळख पटू नये म्हणून गाव लिहीत नाही, एकदोन तपशीलही बदलले आहेत. ती 2006 च्या पावसाळ्यात जन्मली. वडील कोळशाच्या ट्रकवर होते. ती दीड वर्षाची असताना ते गेले, पुढच्या वर्षी आई गेली. मुलीला सांभाळलं ते वडिलांच्या आईनं. औषध सुरू करण्याआधी जो अर्ज भरतात त्यात एक रकाना असतो, तो मी आजीला विचारला, की सुनेला बाळंतपणात कुठली गोळी दिली होती का.

"बाळंतपन तिच्या मायच्या घरी झालं जी. मले काय मालूम?"

तिकडची माय तोवर वारली होती. मामा कामासाठी परमुलखात. कागद म्हणावा तर एक चिटोरंही घरात नव्हतं. मी रकान्यात लिहिलं, 'माहिती नाही'. असे दोन शब्द मी तेव्हा रोज कुठे ना कुठे लिहीत असे.

हा आजार आमच्या भागात यायच्या कितीतरी आधी इथे दुसऱ्या एका आजाराची अशीच भीती होती. वणी म्हटलं की आज लोकांना कोळसा आठवतो. जुन्या माणसांना रंगनाथस्वामींची जत्रा आणि तिथला बैलबाजार आठवतो, कापूस आठवतो, राजूरच्या चुनाभट्ट्या आठवतात. इंग्रजी अमलात तर सगळ्या जिल्ह्याचंच नाव वणी होतं, ते 1905 मध्ये बदलून यवतमाळ झालं. बापूजी अणे इथलेच. पण माझ्या वडिलांच्या वणीत या सगळ्याबरोबर महारोगही होता. ते कुष्ठरोग कार्यक्रमात कामाला होते. सायकलला पिशवी लावून गावोगाव जायचे, अंगणात उभं राहून लोकांच्या पाठी बघायचे, बधिर चट्टा शोधायचे, आणि डॅप्सोनच्या गोळ्या द्यायचे.

विदर्भानं या रोगाशी जेवढी झुंज दिली तेवढी देशात फार थोड्या भागांनी दिली असेल. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी 1936 मध्ये काम उभं केलं. अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारलं. नदीपलीकडे वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन 1951 चं. या सगळ्यांच्या हातात बरीच वर्षं औषध म्हणावं असं एकच होतं, डॅप्सोन. स्वस्त, पोटात घ्यायचं, वर्षानुवर्षं चालणारं. चट्टे फिके पडायचे, माणसं पुन्हा कामाला लागायची. मग काही रोगी परत येऊ लागले. गोळी तीच, माणूस तोच, पण रोग पुन्हा अंगावर उमटलेला. कुष्ठाचे जंतू डॅप्सोनला दाद देईनासे होतात हे 1964 मध्ये मलायातल्या एका कुष्ठालयात सिद्ध झालं. यावरचा उपाय पुढे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला आला. रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन ही औषधं एकत्र द्यायची. ती देशात आधी ज्या मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत वर्धा होता. मला त्या गोळ्यांचे पत्ते आठवतात. मोठ्यांचे लाल आणि हिरवे, लहान मुलांचे पिवळे आणि निळे. क्लोफाझिमिननं कातडी काळवंडते म्हणून बायका नको म्हणायच्या, आणि वडील ओट्यावर बसून समजूत घालायचे, की औत एका बैलावर चालत नाही बाई, जोडी लागते.

क्षयाच्या बाबतीतही डॉक्टर मंडळी हेच 1940 च्या दशकात शिकली होती. एकट्या स्ट्रेप्टोमायसिननं रोगी काही महिने सुधारायचा आणि मग ढासळायचा. म्हणजे मी 2000 नंतर या कामात आले तेव्हा ही गोष्ट नवी नव्हती. आमच्या घरात तर ती जेवताना बोलली जायची. आणि तरीही माझ्या हातात दिली गेली ती एकच गोळी. याचं मला पुढे फार वाईट वाटलं. पण ती का दिली हेही नीट सांगायला हवं, नाहीतर त्या काळावर अन्याय होईल.

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद 1986 ची, चेन्नईची. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी केलेल्या तपासण्यांतून ती झाली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना 1992 मध्ये स्थापन झाली, राज्याची एड्स नियंत्रण सोसायटी 1998 मध्ये. तोवर हा आजार आमच्या भागात पोचलेला होता. लोक म्हणत, तो कोळशाच्या ट्रकनं आला. वेस्टर्न कोलफिल्ड्स 1975 मध्ये झाली, उकणी, निलजई, मुंगोली, कोलारपिंपरी या खाणी सुरू झाल्या, दूरदूरचे कामगार बायकापोरांना गावी ठेवून इथे आले, आणि घुग्घुसच्या नि वरोऱ्याच्या रस्त्यावर रात्रंदिवस गाड्यांची रांग लागली, हे सगळं खरं. पण ट्रकवाल्यावर बोट ठेवलं की बाकीच्यांना आपला हात झटकता यायचा. माझ्यासमोर बसलेल्या बायकांचे नवरे शेतकरी होते, शिंपी होते, दुकानदार होते, एकदोन शिक्षकही होते. आणि त्या बायकांनी तर काहीच केलं नव्हतं, लग्न सोडून.

आईकडून बाळाला लागण पोटात असताना होऊ शकते, बाळंतपणात होते आणि अंगावरच्या दुधातूनही होते. काहीच उपाय केला नाही तर साधारण तीन-चार बाळांमागे एकाला. हे थांबवता येतं याचा पहिला पुरावा 1994 चा, अमेरिका आणि फ्रान्समधला. झिडोव्हुडिन हे औषध आईला गरोदरपणी आणि बाळंतपणात, आणि बाळाला सहा आठवडे दिलं, तेव्हा लागण 25.5 टक्क्यांवरून 8.3 टक्क्यांवर आली. पण त्यासाठी बाई महिनोन्‌महिने दवाखान्यात येत राहायला हवी, कळांच्या वेळी शिरेतून औषध द्यायला हवं. आमच्याकडे बाई नववा महिना लागल्यावर पहिल्यांदा दिसायची, कधी थेट कळा घेऊनच. तिच्यासाठी 1999 मध्ये युगांडातून बातमी आली. कळांच्या वेळी आईला नेव्हिरापिनची एक गोळी आणि बाळाला एक मात्रा, बस्स. चौदा ते सोळा आठवड्यांच्या बाळांत झिडोव्हुडिनच्या छोट्या क्रमानं 25.1 टक्के लागण, आणि या एका गोळीनं 13.1. जवळजवळ निम्मी! खर्च काही रुपयांचा. भारतात 2000 मध्ये आधी झिडोव्हुडिन मोजक्या रुग्णालयांत देऊन पाहिलं आणि लगेचच नेव्हिरापिन घेतलं. हळूहळू ते तालुक्यापर्यंत आलं.

त्या गोळीमुळे वाचलेली मुलं मी पाहिली आहेत. अठराव्या महिन्यातला तपासणीचा कागद 'निगेटिव्ह' आला की आई तो कपाळाला लावायची. काही मुलं आज कॉलेजात आहेत, त्यांना आपल्या जन्माच्या वेळी काय घडलं हे ठाऊकही नाही. मी त्या गोळीची ऋणी आहे आणि मरेपर्यंत राहीन.

पण उरलेल्या बाळांचं काय झालं ते समजायला हा विषाणू आपली नक्कल कशी करतो ते पाहावं लागतं. तो घाईघाईनं नकला काढणाऱ्या कारकुनासारखा आहे. रोज कोट्यवधी नकला, आणि तपासून बघायला कुणी नाही. त्यामुळे चुका होतात. बहुतेक चुका त्यालाच मारक ठरतात. एखादी चूक मात्र अशी असते की औषध जिथे जाऊन बसायचं ती जागाच बदलते. नेव्हिरापिनच्या बाबतीत अशी एकच चूक पुरते. विषाणूच्या एका विकरात 103 व्या जागी लायसिनऐवजी अस्पार्जिन आलं की नेव्हिरापिन तिथे टिकत नाही, आणि त्याच जातीचं इफाव्हिरेंझही टिकत नाही. त्यात नेव्हिरापिन रक्तातून लवकर उतरत नाही. एका गोळीचा अंश दोन-तीन आठवडे रेंगाळतो. विषाणू मारायला अपुरा, पण चूक झालेल्या नकलांना मोकळं रान द्यायला पुरेसा. ज्या बाळाला एवढं करूनही लागण झाली, त्याच्या अंगात पहिल्या महिन्यातच असा सरावलेला विषाणू असू शकतो. युगांडाच्या त्याच अभ्यासातल्या लागण झालेल्या बाळांपैकी जवळजवळ निम्म्यांत तो सापडला.

हे दूरचं नव्हतं. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात आणि ससून रुग्णालयात याच काळात एक मोठा अभ्यास चालू होता, इथिओपिया आणि युगांडाच्या जोडीनं. अंगावर पाजणाऱ्या आयांच्या बाळांना एका मात्रेऐवजी सहा आठवडे रोज नेव्हिरापिन द्यायचं. त्याचे निष्कर्ष 2008 मध्ये आले. सहाव्या आठवड्याला लागण 5.3 टक्क्यांवरून 2.5 वर आली होती. ही आनंदाचीच गोष्ट. पण पुण्याच्या बाळांपैकी ज्यांना या रोजच्या मात्रेतही पहिल्या सहा आठवड्यांत लागण झाली, त्यांचे विषाणू नंतर तपासले, तर जवळजवळ सगळेच नेव्हिरापिनला दाद न देणारे निघाले. एकच मात्रा मिळालेल्या बाळांत हे प्रमाण निम्म्याहून कमी होतं. एकटं औषध जितके दिवस जास्त, तितका विषाणू जास्त सरावतो. वडील तेव्हा हयात होते. मी त्यांना हे सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आमचे रोगी तरी मोठे होते."

आता या मुलांवर उपचार काय होता ते पाहा. सरकारनं मोफत औषधं 1 एप्रिल 2004 पासून द्यायला सुरुवात केली, मुंबईचं जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांतलं. मुलांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यानंतर अडीच वर्षांनी, 30 नोव्हेंबर 2006 ला सुरू झाला. मधल्या काळात मुलांसाठी बनवलेली गोळी कार्यक्रमात नव्हती, मोठ्यांचीच गोळी मोडून द्यायची. अर्धी, पाव. सुरीनं कापली तर चुरा व्हायचा. तीन औषधांची ती एकत्र गोळी मोठ्यांच्या वजनाच्या बेतानं केलेली, आणि लहान मुलाला किलोमागे नेव्हिरापिन जास्त लागतं, म्हणजे मोडलेल्या तुकड्यात नेमकं तेच कमी पडायचं. पुढे मुलांच्या गोळ्या आल्या, पाण्यात विरघळणाऱ्या, तेव्हा आम्ही खरंच पेढे वाटले. पण त्या गोळीतही तीन औषधं तीच होती. स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन.

म्हणजे ज्या बाळाच्या विषाणूला नेव्हिरापिनची ओळख जन्मतःच झालेली, त्याच्यासाठी तीनातलं एक औषध पहिल्या दिवसापासून निकामी. उरली दोन. लॅमिव्हुडिनलाही विषाणू एकाच बदलात, 184 व्या जागेच्या, चुकवतो. मग उरलं एक. औताला पुन्हा एकच बैल, आणि या वेळी लेकराच्या अंगात.

नेव्हिरापिनची मात्रा मिळालेल्या लहान मुलांना नेव्हिरापिनच्या जागी लोपिनाव्हिर द्यावं, हे आफ्रिकेतल्या एका अभ्यासानंतर 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं. पण त्यासाठी मात्रा मिळाली होती हे कुणाला तरी माहीत हवं ना. आई गेलेली, बाळंतपण माहेरी, माहेर दुसऱ्या जिल्ह्यात, नोंद तिथल्या प्रसूतिकक्षाच्या वहीत, आणि मूल इथे. बाळंतपणाची वही आणि औषधकेंद्राची वही या दोघींची गाठ कधी पडायचीच नाही. आईचा नंबर वेगळा, मुलाचा वेगळा. कार्यक्रमानं किती बाळं वाचली हे मोजलं, आणि ते मोजायलाच हवं होतं. जी वाचली नाहीत त्यांच्या हातात त्यांचा स्वतःचा इतिहास द्यायची सोय कुणी केली नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी चूक ही आहे. एका गोळीला त्या काळी दुसरा पर्याय नव्हता. एका ओळीच्या नोंदीला पैसे लागत नव्हते.

आमची ती मुलगी औषधांसाठी महिन्याला आजीबरोबर यवतमाळला जायची. वणीहून मारेगाव, करंजी, जोडमोहा करत शंभराहून जास्त किलोमीटर, एसटीनं तीन तास तरी, आणि परत तेवढेच. आजीची त्या दिवशीची मजुरी बुडायची. तरी त्यांची एक तारीख चुकली नाही. डब्यातल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या तर हिशेब बरोबर यायचा. पहिली दोन वर्षं मुलगी अंगानं भरली, मग वजन थांबलं, कानातून पू येऊ लागला, तोंडात बुरशी. प्रतिकारशक्तीच्या सीडी-फोर पेशी उतरत गेल्या. रक्तातला विषाणू थेट मोजायची सोय तेव्हा सगळ्यांना नव्हती, ती 2018 मध्ये नियमित झाली. तोवर पेशी घसरल्यावरच शंका घ्यायची, आणि पेशी घसरतात त्या विषाणू माजल्यावर कितीतरी महिन्यांनी.

आणि शंका पहिली कुणावर? मुलावर. तशी शिकवणच होती, कारण बहुतेक वेळा ते खरंही असायचं. मुलं गोळ्या ओढणीत बांधून फेकायची, घरी पाहुणे आले की डबा लपवायचा म्हणून दोन दिवस खाडा पडायचा, वसतिगृहात कुणी बघेल म्हणून संडासात जाऊन घ्यायची किंवा घ्यायचीच नाहीत. वजन वाढलं तरी मात्रा वाढवायची राहून गेलेलीही मी पाहिली आहेत. असा खाडा पडला की विषाणूला तेवढीच फट मिळते. पुण्याजवळ विजयाताई लवाटे यांनी 1997 मध्ये 'मानव्य' सुरू केलं, लातूरजवळ हासेगावला रवी बापटले यांनी 2007 मध्ये 'सेवालय'. तिथे मुलं ठरलेल्या वेळी, एकमेकांसमोर, न लपवता गोळ्या घेतात. घरी मात्र गोळीआधी भिंतींना घाबरावं लागतं.

म्हणून मी त्या मुलीला एकटीला आत बोलावलं. सहा-सात वर्षांची. विचारलं, "गोळ्या फेकतेस ना?"

"नाई मॅडम. मी खातो."

"खरं सांग. आजीला नाही सांगणार."

"खातो न जी."

मी आवाज चढवला. तिनं खाली बघितलं आणि फ्रॉकची शिवण उसवत राहिली. बाहेर आजीलाही मी सुनावलं. म्हातारी म्हणाली, "मी सोताच्या हातानं भरवतो बाई, देवाशपथ." मी तिच्या कागदावर लिहिलं, 'औषध नियमित घेत नाही, समुपदेशन केलं'. ते माझ्या हातचं आहे आणि ते खोटं होतं.

पहिल्या फळीची औषधं हरली की दुसऱ्या फळीची द्यायची. ती देशात जानेवारी 2008 मध्ये फक्त दोन ठिकाणी सुरू झाली, मुंबईत जे. जे. आणि चेन्नईजवळ तांबरम. वणीच्या मजूर बाईला मुंबई म्हणजे नागपूर किंवा वर्धा गाठून तिथून रात्रभराची गाडी. कित्येक जण निघालेच नाहीत. पुढे नागपूरला सोय झाली. आमच्या मुलीचा विषाणू मोजला तेव्हा आकडा लाखावर निघाला. नेमकं कुठलं अक्षर बदललं हे सांगणारी जनुकीय तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेसारख्या मोजक्या जागी व्हायची, आमच्यापर्यंत ती पोचली नाही. लोपिनाव्हिर सुरू झालं. चार महिन्यांत कान कोरडा झाला.

ज्यांना गोळी गिळता येत नाही अशा लहानग्यांसाठी लोपिनाव्हिरचं पातळ औषध होतं, त्याचा मात्र छळ सांगून सरणार नाही. चव इतकी कडू की मूल पाठ वळवायचं. त्यात मद्यार्क जवळजवळ 42 टक्के. एका आजीनं बाटली हुंगून माझ्याकडे अशी पाहिली की मी लेकराला दारू पाजायला सांगते आहे. वर ते थंड ठेवायचं. खाणीच्या काठच्या गावात फ्रीज कुठला, आणि असला तरी विदर्भातलं त्या वर्षांतलं भारनियमन! एका घरी माठ ओल्या वाळूत रोवून त्यात बाटली ठेवलेली मी पाहिली. मे महिन्यात, वणीच्या उन्हात. आणि 2017 च्या सुरुवातीला हे औषधच मिळेनासं झालं. देशात ते बनवणारी कंपनी एकच, तिचे पैसे थकले होते. तेव्हा देशभरातल्या एचआयव्ही असलेल्या मुलांनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, मग पुरवठा हलला. एखादा आठवडा औषध नसणं म्हणजे काय हे त्या मुलांना मोठ्यांपेक्षा नीट कळलं होतं.

मधल्या काळात मूळची चूक सुधारली गेली होती. गरोदर बाईला एचआयव्ही निघाला की लगेच तीन औषधं, आणि ती आयुष्यभर, हे धोरण देशभर 1 जानेवारी 2014 पासून लागू झालं. एका गोळीचं युग संपलं. बाळाची तपासणी सहाव्या आठवड्यालाच, टाचेतल्या रक्ताचे ठिपके कागदावर वाळवून होऊ लागली. पुढे डोल्युटेग्राव्हिर हे औषध आलं, ज्याला चुकवणं विषाणूला सहज जमत नाही. मुलांसाठी त्याची पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची 10 मिलिग्रॅमची गोळी निघाली. ज्या मुलांच्या तोंडाला मी कडू औषधाचा चमचा लावला त्यांची आठवण येऊन ती गोळी मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा माझे डोळे भरले. डोल्युटेग्राव्हिरलाही दाद न देणारे विषाणू दिसू लागल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेनं 2024 मध्ये दिला आहे. तेव्हा डोळे पुसून वह्या नीट ठेवायला लागावं.

आणि वहीवरूनच त्या मुलीकडे परत येते. 2014 मध्ये नागपूरला एका प्रशिक्षणात नदीपलीकडची एक समुपदेशक जेवताना शेजारी बसली. मी तिला आईचं नाव, माहेरचं गाव आणि साल सांगितलं. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. वही सापडली होती. 2006, श्रावण महिना, पहाट. लाल शाईत: नेव्हिरापिन दिली. बाळाला औषध दिलं. सगळं तिथे होतं, आठ वर्षं, पुलापलीकडे.

त्या संध्याकाळी मी मुलीच्या घरी गेले. आजी चुलीपाशी होती. मी दोघींना सांगितलं की गोळ्या तुम्ही बरोबर घेत होता, मीच चुकले. आजी म्हणाली, "मंग, सांगत तं होतो न तुमाले." आणि माझ्यासाठी चहा टाकला.

ती 2024 मध्ये अठराची झाली. आजाराचं तिला बाराव्या वर्षी सांगितलं होतं. डोल्युटेग्राव्हिर सुरू आहे, रक्तात विषाणू सापडत नाही इतका कमी. 2024 मध्येच ती म्हणाली, मला ती वही बघायची आहे. आईचा एकही फोटो घरात नाही. परवानगी काढायला दोन महिने गेले. मग एका सकाळी आम्ही दोघी वरोऱ्याच्या गाडीत बसलो. पाटाळ्याला नदी भरून वाहत होती.

वही गोदामातून काढून ठेवली होती, कडा वाळवीनं खाल्लेल्या. दुसऱ्यांची नावं दिसू नयेत म्हणून मी वर आणि खाली एकेक कोरा कागद धरला. मधली एक ओळ उघडी राहिली. तिनं आईचं नाव वाचलं, मग पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं. वय 19.

"पुढच्या पावसाळ्यात मी मायएवढी होईन," ती म्हणाली. बोट पुढे सरकलं, बाळाच्या वजनावर थांबलं. "दोन किलो तीनशे. लहानच होती न मी."